चार रविवार आणि एक गिरणी: कादंबरी आणि मालिका शेजारी ठेवून कशी पाहावी

आमचा पहिला प्रयत्न साफ फसला होता. तासाभराचा एक भाग बघायला तीन तास लागले, कारण दर दोन मिनिटांनी कुणीतरी रिमोट मागायचं. "थांबव थांबव, हे पुस्तकात नाहीये!" मग कोण बरोबर यावर वाद, मग चहा, मग पुन्हा मागे नेऊन बघणं. पुढच्या रविवारी सातापैकी तिघंच आली. त्यातल्या एक काकू दारातच म्हणाल्या, "आज नुसतं बघू दे गं बाई."

त्यानंतर कोथरूडच्या आमच्या बैठकीच्या खोलीत हा प्रकार चार वेळा केला आणि आता जरा जमायला लागलाय. मी बँकेतून निवृत्त झालेली बाई, साहित्याची प्राध्यापक वगैरे नाही. पण एखाद्या जुन्या प्रेमकादंबरीवरची मालिका चार-सहा जणांनी मिळून बारकाईनं बघायची असेल तर काय करावं आणि काय टाळावं, हे चुका करून कळलंय. तेच इथे लिहिते. उदाहरण एकच घेते, म्हणजे पद्धत नीट दिसेल: एलिझाबेथ गॅस्केलची 'नॉर्थ अँड साउथ' ही कादंबरी आणि तिच्यावरची बीबीसीची २००४ सालची मालिका.

निवड: हीच का?

जेन ऑस्टिन सगळ्यांना माहीत असते, अडचण तीच आहे. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'च्या १९९५च्या मालिकेवर बोलायला बसलो की अर्ध्या तासात गाडी तळ्यातून ओला होऊन येणाऱ्या नायकावर, डार्सीवर येते आणि तिथून हलत नाही. (तो प्रसंग कादंबरीत नाही, हेही आता सगळ्यांना पाठ आहे.) निम्म्या लोकांनी वाचलेली नसेल, पण वाचायला मिळणं सोपं असेल, अशी कलाकृती घ्या. गॅस्केल १८६५मध्ये वारली, तेव्हा कादंबरीचे हक्क कधीच संपलेत आणि ती फुकट, कायदेशीर वाचायला मिळते. मालिका मात्र हक्काधीन आहे. आमच्याकडे एकीची डीव्हीडी होती, तुम्ही विकत किंवा भाड्यानं मिळेल ती अधिकृत प्रत घ्या. घरातल्या सहा-सात जणांसाठी ठीक आहे, पण सोसायटीच्या हॉलमध्ये फलक लावून दाखवायची असेल तर परवानगीचा प्रश्न येतो. त्या भानगडीत पडू नका.

लांबीही बघा. ही मालिका जेमतेम तासाभराच्या चार भागांची आहे, म्हणजे चार रविवार. सव्वीस भागांचं काही घ्याल तर दिवाळीपर्यंत तुम्ही एकट्याच उराल.

गोष्ट थोडक्यात सांगते. धर्मोपदेशक वडिलांचं मन आपल्या चर्चच्या शिकवणीबद्दल साशंक होतं, ते नोकरी सोडतात, आणि मार्गारेट हेल दक्षिण इंग्लंडमधल्या हेलस्टन गावातून उत्तरेतल्या मिल्टन या धुरकट गिरणीशहरात येते. मिल्टन म्हणजे लेखिकेनं नाव बदलून उभं केलेलं मँचेस्टर. ती स्वतः तिथेच राहायची. तिथे जॉन थॉर्नटन हा गिरणीमालक, निकोलस हिगिन्स हा युनियनचा कामगार, त्याची आजारी मुलगी बेसी. संप होतो, दंगा होतो, थॉर्नटन मागणी घालतो, मार्गारेट धुडकावते. पुढचं तुम्ही बघालच.

आता मराठी माणसाला ही गोष्ट ऑस्टिनपेक्षा जवळची का वाटते ते सांगायलाच हवं. आमच्या गटातल्या एका मावशींचं माहेर लालबागचं, वडील गिरणीत कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजायच्या. भोंगा, पाळी, जॉबर, बदली कामगार हे शब्द त्यांच्या तोंडून असे येतात की बाकीच्यांना अर्थ विचारावा लागतो. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा त्या अकरावीत होत्या. पुण्यातही स्टेशनाजवळ राजाबहादूर मिल होती. आता त्या आवारात तरुण मंडळी जेवायला आणि नाचायला जातात, आणि गिरणी म्हटलं की आमच्या गटातल्या कॉलेजकन्येला तेच आठवतं. एकाच खोलीत ही दोन टोकं असली की चर्चा रंगते. तुमच्याकडे असं एखादं माणूस असेल तर त्याला आवर्जून बोलवा, मग इंग्रजी कितीही कच्चं असो.

माणसं

सहा-सात पुरेत. त्यात एक तरी असं असावं की ज्यानं कादंबरी उघडलेलीसुद्धा नाही आणि उघडणारही नाही. आमच्याकडे ही जागा माझ्या मिस्टरांनी भूषवली. वाचलेली माणसं पडद्यावर जे नसतं तेही बघतात, कारण ते त्यांच्या डोक्यात असतं. "तो एवढा चिडला का?" असा प्रश्न न वाचलेला माणूस विचारतो आणि मग कळतं की मालिकेनं कारण दाखवलेलंच नाही, आपण ते पुस्तकातून आणून चिकटवलं. त्याच्यासमोर पुढची गोष्ट फोडायची नाही, हा नियम कडक ठेवा. आमच्याकडे फोडणाऱ्यानं पुढच्या वेळी बाकरवडी आणायची. पाव किलोत भागत नाही.

वाचनाचं वेळापत्रक

कादंबरीची ५२ प्रकरणं आहेत. ज्यांना सगळी वाचायची त्यांनी पहिल्या भागाआधी साधारण १० प्रकरणं, दुसऱ्याआधी २४पर्यंत, तिसऱ्याआधी ३५पर्यंत आणि शेवटच्या रविवारआधी उरलेली वाचावीत. मालिकेनं प्रसंग बरेच मागेपुढे केलेत, तेव्हा हे गणित तंतोतंत जुळणार नाही.

बाकीच्यांसाठी दहाच प्रकरणं: ७, १०, १३, १५, १७, २२, २४, २६, ४२ आणि ५२. एवढ्यावर चर्चेत मानानं बसता येतं. २६वं वगळू नका. मुलगा मागणी घालायला गेलाय आणि घरी मिसेस थॉर्नटन नव्या सुनेला द्यायच्या टेबलक्लॉथ-नॅपकिनांवरची आपल्या संसाराची आद्याक्षरं उसवत बसते, हे त्याच सुमाराला येतं. सासूवर इतकं कमी शब्दांत इतकं जास्त लिहिलेलं मी फार वाचलेलं नाही.

एक गोष्ट वाचनाआधीच सगळ्यांना सांगून ठेवा, कारण शेवटच्या रविवारी ती लागणार आहे. ही कादंबरी मुळात चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात सप्टेंबर १८५४ ते जानेवारी १८५५ या काळात क्रमशः आली. नावसुद्धा डिकन्सनं सुचवलेलं. गॅस्केलला नायिकेचंच नाव द्यायचं होतं. दर आठवड्याच्या जागेच्या बंधनामुळे शेवट घाईत उरकावा लागला ही तिची तक्रार होती, आणि पुस्तक काढताना तिनं त्यात भर घातली. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी पुण्यात 'करमणूक' काढून कादंबऱ्या आठवड्या-आठवड्यानं लिहिल्या, त्यातलाच हा प्रकार. तेव्हा "मूळ कृती" म्हणून आपण जिच्यापुढे हात जोडतो, तीही कुणाच्या तरी घड्याळावर बेतलेली होती.

बघायची पद्धत

इथे आमचं सगळ्यात जास्त डोकं खर्च झालंय.

पहिल्यांदा भाग सलग बघायचा. रिमोट ताब्यात एकाच्या, आणि त्यानं तो मांडीखाली ठेवायचा. इंग्रजी सबटायटल्स लावाच. हिगिन्सचं बोलणं लँकेशरचं आहे, ते उत्तम इंग्रजी येणाऱ्यालाही सुटत नाही. पंखा मोठा आवाज करत असेल तर बंद करा, कारण या मालिकेत यंत्रांचा आवाज आणि नंतरची शांतता यांना अर्थ आहे. काही सुचलं तर चिठ्ठीवर वेळ टाकून दोन शब्द लिहायचे, बोलायचं नाही.

मग चहा. चहाच्या दहा मिनिटांत काहीही बोलायची मुभा. थॉर्नटन झालेला रिचर्ड आर्मिटेज कसा दिसतो, आवाज कसा आहे, मार्गारेटची टोपी कशी आहे, सगळं इथे उरकून घ्यायचं. हे दाबू नका. एकदा मी दाबायचा प्रयत्न केला तर ते पुढचा दीड तास मधूनमधून उसळत राहिलं.

चहानंतर दुसरी फेरी. पूर्ण भाग नाही, फक्त दोन प्रसंग. ते सगळ्यांनी चिठ्ठ्यांवरून ठरवायचे. प्रत्येक प्रसंग दोनदा बघायचा: एकदा आवाजासकट, एकदा आवाज पूर्ण बंद करून. आवाज बंद केल्यावर डोळे, हात, दारं आणि खिडक्या दिसायला लागतात. मार्गारेट थॉर्नटनकडे बघत नसताना तो तिच्याकडे किती वेळा बघतो, हे आम्ही मुक्या फेरीत मोजलं. आकड्यावर एकमत झालं नाही, पण मोजायला लागल्यावर सगळे पुढे सरकून बसले होते.

त्यानंतर त्या प्रसंगाचं प्रकरण मोठ्यानं वाचायचं आणि वहीत तीन रकाने पाडायचे. पहिल्यात दोन्हीकडे आहे ते, दुसऱ्यात फक्त पुस्तकातलं, तिसऱ्यात फक्त मालिकेतलं. तिसऱ्या रकान्यापुढे प्रश्न एकच लिहायचा: ही भर घालून मालिकेनं काय मिळवलं आणि त्यापायी काय गमावलं? "मूळाशी प्रामाणिक आहे का" हा प्रश्न आमच्याकडे बंद आहे. त्याचं उत्तर हो किंवा नाही असं येतं आणि मग कुणाला काही बोलायला उरत नाही.

पहिल्या रविवारचा प्रसंग: पांढरा नरक

तिसऱ्या रकान्याचं सगळ्यात ठळक उदाहरण पहिल्याच भागात आहे. कादंबरीत थॉर्नटन आणि मार्गारेट पहिल्यांदा भेटतात ते ७व्या प्रकरणात, हॉटेलातल्या खोलीत. वडील बाहेर गेलेत, तो आलाय, ती दमलेली आहे आणि शिष्टाचारानं बोलते. अवघडतो तो, ती नाही. मालिकेत मार्गारेट थेट गिरणीत शिरते. हवेत कापूस बर्फासारखा भुरभुरतोय, शेकडो माग धडधडतायत, आणि थॉर्नटन एका कामगाराला पकडून मारतोय. त्या माणसानं गिरणीत विडी-काडी केली होती. कापसाच्या गिरणीत ठिणगी म्हणजे काय हे थॉर्नटन पुढे सांगतो, पण तिनं आणि आपण आधी फक्त मार बघितलेला असतो. नंतर ती मावसबहिणीला पत्रात लिहिते की मी नरक पाहिला आणि तो पांढराशुभ्र आहे.

आमच्याकडे यावर खरी जुंपली. कॉलेजकन्या म्हणाली, पहिल्याच भेटीत नायकाला मारकुटा दाखवायचं आणि नंतर आम्ही त्याच्यावर भाळायचं, हा कुठला न्याय? कादंबरीतला थॉर्नटन कठोर आहे, पण हात उचलत नाही. दुसरी बाजू अशी की मार्गारेटला वाटणारा तिटकारा वाचकाला वाक्यांमधून कळतो, प्रेक्षकाला तो डोळ्यांनी द्यावा लागतो. दोन्ही पटण्यासारखं आहे. माझं मत विचाराल तर मार जरा जास्त झालाय. हाताला धरून बाहेर काढलं असतं तरी काम झालं असतं.

लालबागच्या मावशी सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "मागाच्या खात्यात एवढा कापूस उडत नाही गं. उडतो तो कार्डिंगमध्ये." सगळे गप्प. मग आम्ही १३वं प्रकरण काढलं. बेसी मार्गारेटला नेमकं हेच सांगते: कार्डिंग खात्यात कापसाचं तूस उडतं, छातीत जातं, फुप्फुसांभोवती गुंडाळतं. ते खेचून घेणारं मोठं चाक बसवता येतं, पण त्याला पाच-सहाशे पौंड पडतात आणि त्यातून नफा काही नाही, म्हणून थोडेच मालक बसवतात. आणि वर असंही, की काही कामगारांनाच चाक नको असतं, कारण तूस गिळायची सवय झालेल्या पोटाला चाक लागल्यावर भूक जास्त लागते, आणि मग मजुरी वाढवून मिळायला हवी! हे वाक्य मोठ्यानं वाचलं तेव्हा मावशी हसल्या नाहीत. त्यांचे वडील खोकतच गेले. डॉक्टर ज्याला बिसिनोसिस म्हणतात ते चाळीत सगळ्यांना नुसतं 'गिरणीचा खोकला' म्हणून माहीत होतं.

मालिकेनं कापूस मागांवर आणला, कारण तो तिथे सुंदर दिसतो, असं आम्ही तिसऱ्या रकान्यात लिहिलं. मावशींनी त्याखाली स्वतःच्या अक्षरात "चालेल" लिहिलं.

एक धागा पकडा: हात

प्रसंगागणिक भांडण झालं की पुढची पायरी. सगळ्या भागांमधून एकच बारीक गोष्ट शोधत जायची. ती शक्यतो वस्तू किंवा कृती असावी. 'अभिमान' किंवा 'वर्गसंघर्ष' असला विषय घेतलात तर दहावीचा निबंध होईल. आम्ही हात घेतला, आणि कादंबरीत तो इतका नेमका निघाला की मी अजून थक्क आहे.

१०व्या प्रकरणात थॉर्नटन हेलांकडे चहाला येतो. मार्गारेटच्या हातातलं कंकण सारखं खाली घसरतं, ती ते वर ढकलते, ते पुन्हा घसरतं, आणि हा माणूस संभाषण सोडून तेच बघत बसतो. वडील साखरेच्या चिमट्याऐवजी तिची करंगळी आणि अंगठा धरून साखर उचलतात, तेव्हा आपल्यालाही असं करता आलं तर, असं त्याच्या मनात येऊन जातं. निघताना तो तिथल्या रीतीप्रमाणे हात पुढे करतो. दक्षिणेतून आलेल्या तिला ती रीत माहीत नाही, ती नुसती मान लववते. अर्धवट पुढे आलेला हात मागे जातो आणि तिला लगेच वाईट वाटतं, पण वेळ गेलेली असते. २०व्या प्रकरणात त्याच्या घरच्या जेवणाला ती हात मिळवते. आपले हात पहिल्यांदाच भेटले हे त्याला कळतं, तिच्या गावीही नाही. २२व्यात दंगलीच्या वेळी ती त्याला वाचवायला जमावासमोर त्याच्या गळ्यात हात टाकते आणि दगड तिला लागतो. आणि ५२व्यात, अगदी शेवटी, तो तिचे हात हळूच उचलून पुन्हा त्याच जागी ठेवतो, जसे दंगलीच्या दिवशी होते तसे, आणि आठवतंय का म्हणून विचारतो.

आपल्याकडे लग्नाला पाणिग्रहण म्हणतात, तेव्हा हे समजावून सांगायची गरज कुणाला पडली नाही.

आता मालिकेत हाच धागा शोधा. चहाचा कप हातातून हातात जातानाची बोटं, नाकारलेला हात, जेवणाच्या दिवशीचं हस्तांदोलन, हे सगळं आहे आणि कॅमेरा तिथे रेंगाळतो. शेवटची ती परतफेड मात्र मालिकेत नाही. रकाने नुसते भरत गेलं असतं तर हे सुटलं असतं. धागा धरला म्हणून सापडलं.

हिगिन्स मराठीत कसा बोलेल?

हा खेळ तिसऱ्या रविवारी खेळा, तोवर लोक सैलावलेले असतात. १७व्या प्रकरणातला हिगिन्सचा एखादा परिच्छेद घ्यायचा आणि प्रत्येकानं मराठीत आणायचा. पुस्तकी मराठीत तो लगेच मरतो. मग कुठली बोली? गिरणगावात कोकणातून आलेले होते, घाटावरून आलेले होते. आमच्याकडे एक मालवणी हिगिन्स झाला आणि एक साताऱ्याकडचा. मालवणी जास्त तिरकस निघाला, साताऱ्याचा जास्त चिडलेला. मूळ हिगिन्स तिरकसच आहे, असं मतदानात ठरलं, चार विरुद्ध तीन. एक इशारा: बोली येत नसेल त्यानं तिची नक्कल करू नये, फार वाईट वाटतं ऐकायला. सरळ साध्या बोलण्यात सांगावं.

याच सुमाराला ४२वं प्रकरण वाचा. थॉर्नटन कामगारांसाठी गिरणीत जेवणाची सोय करतो. कल्पना त्याची, पण व्यवस्था कामगारांच्या हातात देतो आणि स्वतः कधीमधी बोलावणं आलं तर जाऊन त्यांच्यासोबत जेवतो. इथे गिरणगावातल्या खानावळींची आठवण निघणारच. तिथे डबे करणाऱ्या बायकांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. मावशींचा प्रश्न असा होता: थॉर्नटनच्या खानावळीत स्वयंपाक कोण करतं आणि तिला काय मिळतं? आम्ही प्रकरण दोनदा चाळलं.

तू की तुम्ही

हा फक्त मराठीत करता येणारा उद्योग आहे आणि मला सर्वात आवडतो. इंग्रजीत सगळं 'यू'. पण आपण मनातल्या मनात भाषांतर करत बघतो, आणि कुठल्यातरी क्षणी आपल्या डोक्यातला थॉर्नटन 'तुम्ही'वरून 'तू'वर येतो. प्रत्येकाला एक कागद द्या. शेवटचा भाग संपेपर्यंत तो क्षण लिहून घडी घालून ठेवायचा, कुणाला दाखवायचा नाही.

मदतीला एक खूण आहे. कादंबरीत तो तिला तोंडावर मिस हेलच म्हणत राहतो. २२व्या प्रकरणात, दगड लागून ती बेशुद्ध पडलेली असताना, तो पहिल्यांदा 'माझी मार्गारेट' म्हणतो, पण ऐकायला ती शुद्धीवर नसते. तिनं ऐकलेलं 'मार्गारेट' थेट शेवटच्या प्रकरणात. मालिकेत आणखी एक जागा आहे, पुस्तकात नसलेली: ती मिल्टन सोडून जाते, बाहेर बर्फ पडतोय, आणि तो जाणाऱ्या गाडीकडे बघत स्वतःशीच पुटपुटतो, मागे वळून बघ. आमच्यातल्या तिघींनी 'तू' इथे लिहिला होता. "बघ" आणि "बघा" दोन्ही म्हणून पाहा, कळेल.

शेवटचा रविवार

शेवटचा प्रसंग संपल्यावर पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. हा नियम आम्ही उशिरा केला, तुम्ही आधीच करा.

कादंबरीत शेवट लंडनमध्ये, घरातल्या मागच्या दिवाणखान्यात. थॉर्नटन धंद्यात बुडालाय, मार्गारेटला वारशानं पैसा मिळालाय. ती कागद पुढे करत घाबऱ्या-घाबऱ्या व्यवहाराचं बोलते: माझे १८,०५७ पौंड बँकेत पडून आहेत, त्यांवर मला जेमतेम अडीच टक्के सुटतात, तुम्ही घ्या, तुम्ही जास्त व्याज द्याल, गिरणी चालू ठेवा. आयुष्यभर मुदत ठेवींच्या पावत्या लिहिलेल्या माझ्यासारख्या बाईला प्रेमाची याहून खरी भाषा माहीत नाही. आकडा चुकू नये म्हणून ती कागदात बघते, आणि समोरच्याला कळतं की हे व्याजाचं चाललेलं नाही. मग तो पाकिटातून हेलस्टनची सुकलेली फुलं काढून दाखवतो. तिच्या नकळत तो तिच्या गावी जाऊन आलेला असतो.

मालिकेनं हे सगळं उचलून रेल्वे स्टेशनवर ठेवलं. तो हेलस्टनहून उत्तरेला निघालाय, ती मिल्टनहून दक्षिणेला, आणि मधल्या एका स्टेशनवर दोन्ही गाड्या समोरासमोर थांबतात. पुणे-मुंबईवाल्याला हे समजावायला एकच शब्द लागतो: कर्जत. घाट चढायला मागून जोर देणारं बँकर इंजिन लागेपर्यंत गाडी उभी, लोक वड्यासाठी उतरलेले, आणि समोरच्या फलाटावर नेमकं ते माणूस. काकूंनी विचारलं, त्या काळात फलाटावर चारचौघांत चुंबन? नसतंच घेतलं कुणी, आणि हा आक्षेप रास्त आहे. पण पटकथाकार सँडी वेल्शला दोन टोकांच्या मधली जागा हवी होती, उत्तरही नको आणि दक्षिणही नको, आणि कादंबरीचं नाव लक्षात घेता ती जागा चपखल आहे. मला विचाराल तर मी हातांची परतफेड पुस्तकातली घेईन आणि फलाट मालिकेचा. गॅस्केलला स्वतःला शेवट घाईत झाल्याचं वाटत होतंच, तेव्हा तिला फार राग येणार नाही.

यावर भांडून झालं की कागद उघडायचे. आमचे सात कागद, चार वेगवेगळे क्षण. मिस्टरांनी लिहिलं होतं, "मागणी घालताना, रागात". ते आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. रागात माणूस 'तू'वर येतोच. काकूंचा कागद कोरा. त्या म्हणाल्या, "तो काय, लग्नानंतर तू म्हणेल. पण ती त्याला 'अहो'च म्हणणार."

"मुळीच नाही," कॉलेजकन्या म्हणाली. "भांडवल तिचं आहे."